उमाशंकर आचाऱ्याची जीभ

सोलापूरच्या दवाखान्यातून उमाशंकर आचारी ऑपरेशन न होताच माकणीला परत आला, तेव्हा स्टँडवर गाडी थांबताच पहिल्या माणसानंच विचारलं, "काय, भ्यालास व्हय?"

उमाशंकरनं गाडीची काच वर केली. भ्यालो असतो तरी बरं, असं त्याच्या मनात आलं. भिऊन पळून येण्यात निदान माणसाची स्वतःची मर्जी असते. त्याला तर परत पाठवलं होतं. आणि का पाठवलं हे सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर अख्खा स्टँड पोट धरून हसला असता.

बावीस वर्षं तो लग्नाचा स्वयंपाक करत होता. लोहारा, उमरगा, मुरूम या पट्ट्यात लिंगायतांच्या घरी लग्न ठरलं की आधी स्वामींना तारीख विचारायची आणि लगेच उमाशंकरला, अशी रीतच पडून गेली होती. खपली गव्हाची हुग्गी, गुळातली दाट खीर, करावी तर त्यानंच. गूळ त्यानं कधी तोलून घातला नाही. कढईतली हुग्गी डावाच्या टोकावर घ्यायची, तळहातावर टाकायची, चाटायची आणि डोळे मिटून सांगायचं, "अजून अर्धी ढेप." सातशे माणसांच्या कढईत ती अर्धी ढेप कमी आहे हे त्याच्या जिभेला कसं कळायचं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

वजन एकशे अडतीस किलो होतं. साखरेच्या गोळ्या होत्या, बीपीच्या होत्या, गुडघ्याला लावायला तीन प्रकारची तेलं होती. गेल्या उन्हाळ्यात लोहाऱ्याच्या एका लग्नात तो चुलाणापुढं पाटावर बसला तो उठेचना. चौघांनी काखेत हात घालून त्याला उचलला. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, आणि आठ दिवसांनी तो उमाशंकरच्या स्वतःच्या मोबाइलवर सख्ख्या मेव्हण्याकडून येऊन पडला, खाली हसणारी तोंडं लावून. उमाशंकरनं तो तीनदा बघितला आणि बायकोला म्हणाला, "श्रीदेवी, त्या पोटाच्या ऑपरेशनची चौकशी कर."

चौकशी केली शेजारच्या प्रसेनजितनं. प्रसेनजित जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, उमाशंकरचा पहिलीपासूनचा दोस्त. त्याच्याच गाडीतून दोघं सोलापूरला गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की साखर आहे, तेव्हा बायपास करू. जठराचा लहानसा कप्पा करून आतड्याची वाट तिथं वळवायची. पण त्याआधी दोन आठवडे पथ्य. भाकरी, चपाती, भात, गूळ, साखर, बटाटा, केळं, सगळं बंद. यकृतावर चरबी चढून ते फुगलंय, ते उतरल्याशिवाय दुर्बीण आत घालायला वाट मिळत नाही.

पथ्य समजावून सांगायला शिवप्रिया नावाची आहारतज्ज्ञ मुलगी होती, अक्कलकोटकडची. छापील कागदावर उकडलेलं अंडं, मासा, कोंबडीचं सूप असं काय काय होतं. उमाशंकरनं कागद तिच्याकडं परत सरकवला.

"आमच्यात चालत न्हाय हे."

"आमच्यातही नाही चालत, काका," ती म्हणाली आणि पेन घेऊन निम्मा कागद खोडून टाकला. "पनीर, दही, ताक, सोयाबीन, मुगाच्या डाळीचं कढण, आणि ही प्रोटीनची पावडर. काकडी, दोडका, मेथी पोटभर. बाकी काही तोंडात घालायचं नाही."

उमाशंकरनं दोन आठवडे काही खाल्लं नाही. असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. भाकरीचा तुकडा मोडला नाही, भाताचं शीत शिवलं नाही. फक्त त्या दोन आठवड्यांत तीन लग्नं होती. दवाखान्यात काट्यावर उभा राहिला तेव्हा वजन दीड किलोनं वाढलेलं निघालं. सोनोग्राफीत यकृत होतं तसंच.

"काय खाल्लं, काका?" शिवप्रियानं विचारलं.

"काय न्हाय. शपथेवर सांगतो."

"कामावर जात होतात?"

"जायाचंच की. पण खाल्लं न्हाय म्या. चव बघितली."

"कशाची?"

"हुग्गीची. भाताची. भरल्या वांग्याची. शेंगापोळीच्या पुरणाची."

"किती वेळा?"

चव किती वेळा बघितली हे कुठला आचारी मोजतो? शिवप्रियानं पेन खाली ठेवलं. "तुमची जीभ एका गावात आणि पोट दुसऱ्या गावात राहतं का, काका?"

एवढं बोलून तिनं पुढची तारीख लिहून दिली. प्रसेनजितनं लोहाऱ्यापर्यंत ओठ दाबून गाडी चालवली. मग त्याला हसू फुटलं ते आवरेना. उमाशंकर खिडकीबाहेर बघत बसला.

दुसऱ्या खेपेला त्यानं लग्नंच सोडली. दोन तारखा दुसऱ्या आचाऱ्याला दिल्या आणि घरात बसला. घरात बसणं कामावर जाण्यापेक्षा वाईट निघालं. चौथ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, पाय कापसाचे झाले. सकाळी श्रीदेवी भाकरी थापायला बसली की तो थप थप आवाज त्याच्या कानात घुसायचा. एकदा तर तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन ओरडला, "तुला दुसरा धंदा न्हाय का?"

"मग काय घरातल्या समद्यांनी उपाशी मरावं?" श्रीदेवी परातीतून मान वर न करता म्हणाली.

तिकडून त्याची म्हातारी आई प्रेमाबाई बोलायची. तिला तो अव्वा म्हणायचा. "ज्वारीवर वाढलेलं हाड हाय त्याचं. भाकरी तोडून माणूस जगतंय का कुठं? डॉक्टरला म्हणावं, तू काय खातूस?"

"अव्वा, तू मधी बोलू नगंस."

"न्हाय बोलत. मर तसाच."

पण या खेपेला वजन सात किलोनं उतरलं, यकृतही मऊ पडलं, आणि ऑपरेशन झालं. पाच बारीक भोकं, पोटावर पाच पट्ट्या. चौथ्या दिवशी तो घरी आला, आणि खरा वैताग तिथून सुरू झाला.

पहिले दिवस औषधाच्या टोपणानं पाणी प्यायचं. टोपणभर प्यायचं, थांबायचं, परत टोपणभर. सातशे माणसांना वाढणारा माणूस ओसरीवर बसून टोपणानं ताकाची निवळी पीत होता. मग पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. जेवताना पाणी प्यायचं नाही, अर्धा तास आधी नाही आणि अर्धा तास नंतर नाही. एक घास वीस वेळा चावायचा. आणि दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रोटीन पोटात गेलंच पाहिजे, हा शिवप्रियाचा धोशा. पावडर दुधात कालवली की तिला ओल्या चुन्यासारखा वास यायचा. आयुष्यभर लोकांच्या तोंडाला चव आणलेल्या माणसानं ते नाक दाबून गिळायचं. पहिला डबा त्यानं कसाबसा संपवला, दुसरा निम्म्यावर फडताळात सरकवून दिला.

त्याची जागा भरून काढली अव्वानं. ती रोज मऊसूत भाकरी गरम दुधात कुस्करायची, पार खीर होईपर्यंत, आणि वाटी घेऊन त्याच्याजवळ बसायची. "मऊ हाय. डॉक्टरनं मऊच सांगितलंय न्हवं?" ते खरंच होतं. ती वाटी पोटात गेली की चार तास कशाची वासना व्हायची नाही. पनीर तसंच राहायचं. मुगाचं कढण श्रीदेवी संध्याकाळी म्हशीच्या आंबवणात ओतायची. उमाशंकरला वाटायचं, एवढं तरी सुख असू दे.

तिसऱ्या महिन्यात वजन एकशे चौदावर आलं. गावातली माणसं वळून बघायला लागली. पण आंघोळीला बसला की हातात केसांचे झुबके यायचे. जिना चढला की डोळ्यांपुढं अंधारी. एकदा धरणाच्या बाजूला फिरायला गेला आणि भराव चढताना मटकन खालीच बसला. एका मासेवाल्यानं त्याला मोटारसायकलवरून घरी आणून सोडलं. समोरच्या माणसाला काय झालंय ते त्याला ठाऊक नव्हतं, तो आपला भल्या मनानं म्हणाला, "आचारी, मासे खात जावा. ताकद येती."

रक्त तपासलं. शरीरातलं प्रोटीन कमी, हिमोग्लोबिन कमी. शिवप्रियानं फोनवर आठवड्याचं सगळं खाणं विचारून घेतलं. दूधभाकरीपाशी ती थांबली.

"काका, तुमच्या पोटात आता वाटीभर जागा आहे. त्या वाटीत आधी कोण जाऊन बसणार, ते तुम्ही ठरवायचं. भाकरी आधी बसली की पनीर दारात उभं राहतं. केस काय आपोआप उगवणार आहेत?"

उमाशंकरनं फोन ठेवला आणि समोर आलेली वाटी हातानं बाजूला सारली. अव्वाच्या पदरावर दूध सांडलं. पदर झटकून ती आत गेली आणि दिवसभर बाहेर आली नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त संताप आला. कुणावर, ते कळेना. अव्वावर येईना, ती मायेनं देत होती. शिवप्रियावर येईना, ती खरं बोलत होती. आपल्याच पोटावर राग धरायचा तर तेही आता पहिलं उरलं नव्हतं.

त्या संतापानं इरेला पेटून तो दुसऱ्या दिवशी दुपारी प्रसेनजितकडं गेला. सकाळची शाळा सुटून प्रसेनजित नुकताच आला होता, त्याची बायको रोहिणी आत चहा ठेवत होती. उमाशंकर आवाज खाली आणून म्हणाला, "परशा, तुझ्याकडं अंडी असतात न्हवं?"

"असतात की."

"मला रोज दोन उकडून देशील? औषध म्हणून. दुपारचा येत जाईन, गल्लीतून. मागच्या दारानं. घरी कळाय नको."

प्रसेनजितनं शर्टाच्या बाह्या खाली सोडल्या, गुंड्या लावल्या, आणि मग तो बोलला. "उमा, तुला खायाचं असलं तर पुढच्या दारानं ये. माझ्या पंक्तीला बस, रोहिणी चार उकडून वाढंल. न्हाय खायाचं, तरी काय बिघडलं न्हाय. तुझा तुझा आचार. पण चोरून खायाची जागा म्हणून माझं घर नको काढूस."

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मला ठाव हाय तुला कसं म्हणायचं व्हतं. म्हणून तर सांगतोय."

रोहिणी चहा घेऊन आली. बिनसाखरेचा त्याचा कप तिनं आठवणीनं वेगळा केला होता. उमाशंकरनं कप तसाच खाली ठेवला. चाळीस वर्षांची दोस्ती, ह्याच माणसानं सोलापूरच्या सहा खेपा गाडी चालवली, आणि आपण त्याला मागचं दार मागितलं. तो उठला आणि पुढच्या दारानं बाहेर पडला. अंडं काही त्यानं पुढंही खाल्लं नाही. मनच होईना. पण त्या दिवसानंतर प्रोटीनची पावडर तो नाक न दाबता पिऊ लागला. आठेक दिवसांनी तो प्रसेनजितच्या ओट्यावर जाऊन नुसताच बसला, आणि प्रसेनजितनं वर्तमानपत्राचं एक पान काढून त्याच्याकडं दिलं. त्या विषयावर दोघांत परत बोलणं झालं नाही.

आचारी माणूस, शेवटी हात चालवलाच. दह्याचा चक्का बांधून त्यात जिरं, मीठ, कोथिंबीर कालवली. सोयाबीन रात्रभर भिजवून वाटलं, त्याचे आप्पे केले. पनीर कुस्करून हळद-मिरचीवर परतलं. ताटात आधी ते, मग भाजी, आणि शेवटी जागा उरली तर भाकरीचा चतकोर. बहुतेक वेळा जागा उरायची नाही. अव्वा बाजूला बसून तो चतकोर संपतो का बघायची, आणि नाही संपला की स्वतः उचलून खायची.

केस गळायचे थांबले. अंगात बळ आलं. तेव्हा मुरूमच्या महालिंगप्पांच्या मुलीचं लग्न त्यानं धरलं. ऑपरेशननंतरचं पहिलं मोठं काम. श्रीदेवी म्हणाली, "म्या येते संगं. तुमच्या जेवणाच्या येळा कोण बघणार?" तो नको म्हणत होता, ती गाडीत बसून मोकळी झाली.

सकाळी हुग्गीची कढई चढली. खपली शिजून फुलली, गूळ विरघळला. उमाशंकरनं डावाच्या टोकावर घेतली, तळहातावर टाकली, चाटली. गोडानं त्याचे दात शिवशिवले. "बास. गूळ बास," तो म्हणाला. हाताखालचे गडी एकमेकांकडं बघायला लागले, कारण निम्म्या ढेपी अजून पोत्यातच होत्या. पण बावीस वर्षं त्या जिभेवर कुणी शंका घेतली नव्हती.

पहिली पंगत बसली आणि थोड्या वेळात महालिंगप्पा स्वतः चुलाणापाशी आले. वयानं मोठा माणूस, गळ्यात उपरणं. "उमाशंकर, हुग्गी मिळमिळीत झालीय. व्याही काय बोलंना, पण एकानं सुदिक दुसरा डाव घेतला न्हाय."

"आप्पा, गोडी बरुबर हाय. म्या चव बघितलीय."

"आमी बी खाल्लीय."

ते वाक्य त्याच्या डोक्यात गेलं. त्यानं वाटी उचलली, काठोकाठ हुग्गी भरली, वर तुपाची धार सोडली आणि महालिंगप्पांच्या डोळ्यांदेखत उभ्या उभ्या सगळी खाल्ली. चावली नाही, गिळली. "हे बघा. गोड हाय का न्हाय? ह्याच्यापरीस गोड काय असतंय?"

दहा मिनिटंही गेली नसतील. कपाळावर घाम फुटला. छाती धडधडायला लागली, हात थरथरले, पोटात कळ आली. शिवप्रियानं हे सांगून ठेवलं होतं की गोड खाल्लं तर ते धडाधड आतड्यात उतरतं आणि अंग असं वागतं. सांगून ठेवलेलं अशा वेळी कुठं उपयोगी पडतं? तो गव्हाच्या पोत्यांवर आडवा झाला आणि मंडपाच्या कापडाकडं बघत राहिला. माणसं भोवती जमली. कुणी म्हणालं झटका आला, कुणी म्हणालं गाडी काढा.

"काय झालेलं न्हाय," श्रीदेवी म्हणाली. "जरा वारा येऊ द्या. उगी पडू द्या त्यास्नी." त्याच्या तोंडावर ओला टॉवेल ठेवून ती कढईकडं वळली. डाव उचलला, तळहातावर हुग्गी घेतली, चाखली. तिनं आयुष्यात चार-सहा माणसांपलीकडं कधी हुग्गी केली नव्हती. "गूळ फोडा," ती गड्यांना म्हणाली. "पाक करून घाला, कोरडा नको, खडे राहतील. अजून. अजून घाला. थांबा." परत चाखलं. "चिमूटभर मीठ. आन् सुंठ कुठं हाय?"

उमाशंकर पोत्यावरून सगळं ऐकत होता. सुंठ घालू नको, असं त्याला ओरडून सांगायचं होतं. तो कधीच घालत नसे. पण तोंडावरचा टॉवेल काढेपर्यंत सुंठ कढईत पडली होती. दुसऱ्या पंगतीत वाढपी दोनदा कढईपाशी परत आले, मग तिसऱ्यांदा. शेवटी कढई खरवडली गेली. महालिंगप्पा जाताना श्रीदेवीला "बाई, लाज राखलीस," म्हणाले, आणि पोत्याकडं बघून म्हणाले, "जप रे बाबा जिवाला."

परतीच्या वाटेवर उमाशंकर म्हणाला, "सुंठ घालायची न्हाय हुग्गीत."

"लोकांनी खाल्ली."

"लोकांला काय कळतंय?"

"मग कुणासाठी शिजवायची?" श्रीदेवी म्हणाली, आणि खिडकीला डोकं टेकून झोपली.

शिवप्रियानं फोनवर सांगितलं की हे अनेकांना होतं, या ऑपरेशननंतर जिभेची जाण बदलते, गोड जास्त लागायला लागतं. कुणाची परत येते, कुणाची नाही. "तुम्ही आधी का न्हाय सांगितलं?" त्यानं विचारलं. "घरी जाताना दिलेल्या कागदांत होतं, काका." ते कागद घरी शोधले. होतं. तिसऱ्या पानावर, खाली.

आता वर्ष उलटलंय. वजन ब्याण्णव किलो. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या, बीपीची एकच राहिली. जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र जन्माच्या लागल्या. चुलाणापुढून तो एका हाताचाही आधार न घेता उठतो. लोक विचारतात, "बरं वाटतंय न्हवं आता?" तो हो म्हणतो. ते खोटं नाही. पण लग्नाची सुपारी द्यायला आलेला माणूस जेव्हा ओसरीवर बसून विचारतो, "वैनी येणार हायत न्हवं?" तेव्हा त्याला जे होतं, त्यावर शिवप्रियाच्या कागदात काही लिहिलेलं नाही.

परवा सोनारीला काम होतं. कालभैरवाच्या दर्शनाला आलेल्या एका घरानं तिथंच जावळाचं जेवण ठेवलं होतं. उमाशंकरनं भाजी फोडणीला टाकली, भात उतरवला, हुग्गी घोटली. मसाला किती भाजायचा हे अजून त्याचं नाक सांगतं, खपली शिजली का नाही हे बोटं सांगतात. मग तो कढईपासून बाजूला झाला. श्रीदेवीनं पदर खोचला, डाव घेतला, चाखलं, आणि आभाळाकडं बघत जिभेवर घोळवत राहिली.

"काय?" त्यानं विचारलं.

"थांबा की जरा."

"जाळ वाया चाललाय."

"जळू द्या. थांबा म्हटलं न्हवं."

तो थांबला. हातातलं उलथनं कढईच्या काठावर एकदा जोरात आपटलं, आणि थांबला.